खालसा नागपूर, भाड्याचा वऱ्हाड : सी.पी. अँड बेरारचा कारभार कसा चालायचा

अकोल्याच्या एखाद्या शेतकऱ्याला १९४० साली कोणी विचारलं असतं की बाबा रे, तू राहतोस कोणाच्या राज्यात, तर नेमकं उत्तर द्यायला त्याला वकील गाठावा लागला असता. शेतसारा तो इंग्रज सरकारच्या तिजोरीत भरायचा. गव्हर्नर बसायचा नागपूरला. मत द्यायचं तेही नागपूरच्या असेंब्लीसाठी. पण कागदोपत्री त्याच्या जमिनीचा सार्वभौम धनी होता हैदराबादचा निझाम. वऱ्हाडात युनियन जॅकच्या शेजारी निझामाचा झेंडाही फडकवायचा, असं १९३६ साली रीतसर करार करून ठरलेलं होतं.

हा विचित्र प्रांत म्हणजे 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार', लोकांच्या तोंडी सी.पी. अँड बेरार, मराठीत मध्य प्रांत व वऱ्हाड. आजचा सगळा विदर्भ, मध्य प्रदेशातले जबलपूर, सागर, होशंगाबाद (आताचं नर्मदापुरम), खंडवा आणि छत्तीसगडातले रायपूर, बिलासपूर, दुर्ग एवढा त्याचा पसारा. १९४१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १ कोटी ६८ लाख. राजधानी नागपूर. मुंबई, मद्रास, बंगाल या इलाख्यांच्या इतिहासावर कपाटं भरून लिहिलं गेलं, या प्रांताच्या वाट्याला बहुधा एखादी तळटीप येते. पुण्या-मुंबईच्या मराठी वाचकाला तर आपल्याच भाषेचे आठ जिल्हे शंभरेक वर्षं एका वेगळ्या सरकारखाली होते, हे अनेकदा ठाऊकच नसतं. विदर्भाचे प्रश्न उर्वरित महाराष्ट्राला कोड्यासारखे वाटतात, त्याचं बरंचसं कारण इथे आहे.

नागपूर कसं गेलं

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांकडून हरली. तिथपासून भोसल्यांचं राज्य नावापुरतं उरलं. नर्मदेकडचा मोठा मुलूख त्यांच्या हातून गेला. जबलपूर, मंडला हे भोसल्यांकडचे आणि सागर पेशव्यांकडचा, असे प्रदेश मिळून इंग्रजांनी 'सागर-नर्मदा प्रदेश' केला. तो कधी थेट गव्हर्नर जनरलच्या एजंटाकडे, तर कधी आग्र्याकडच्या वायव्य प्रांताकडे ढकलला जाई. त्याचं नेमकं काय करायचं हे कोणालाच ठरवता येत नव्हतं.

नागपूरच्या गादीवर तिसरे रघुजी होते. ११ डिसेंबर १८५३ रोजी ते वारले. मुलगा नव्हता. राण्यांनी घराण्यातला मुलगा दत्तक घेण्याची तयारी केली, पण लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ साली राज्य खालसा केलं. वाड्यातले जडजवाहीर, हत्ती-घोडे, जनावरं लिलावात गेली आणि दागिने तर कलकत्त्याला नेऊन विकले. राजघराण्यातल्या म्हाताऱ्या बांकाबाईंनी विरोध केला, अर्ज-विनंत्या केल्या, त्याचा उपयोग झाला नाही. १८५७ च्या उठावात भोसले घराणं शांत राहिलं म्हणून पुढे दत्तकपुत्र जानोजींना 'देऊरचे राजे बहादूर' हा किताब मिळाला. राज्य गेलं ते गेलंच.

आता इंग्रजांच्या हाती मध्य हिंदुस्थानात दोन सुटे तुकडे होते. उत्तरेला सागर-नर्मदा, दक्षिणेला नागपूर. २ नोव्हेंबर १८६१ रोजी ते एकत्र करून 'मध्य प्रांत' जाहीर झाला. ही तारीख म्हणजे या प्रांताचा वाढदिवस. हा जन्म कुठल्या भाषेतून, कुठल्या जुन्या राज्यातून किंवा लोकांच्या मागणीतून झाला नव्हता. कलकत्त्याहून कारभार करायला जे दोन तुकडे अडचणीचे होते, ते एका अधिकाऱ्याच्या हाताखाली दिले, एवढाच त्याचा अर्थ. मराठी, हिंदी, छत्तीसगढी, गोंडी, सिरोंचाकडे तेलुगू, आणि १८६२ साली संबळपूर जोडल्यावर ओडियाही, अशा सगळ्या भाषा एका दप्तरात आल्या.

संबळपूरचं उदाहरण थोडक्यात सांगतो, कारण त्यात पुढचं सगळं दिसतं. १८९५ मध्ये सरकारने तिथल्या कचेऱ्यांची भाषा ओडियाऐवजी हिंदी करायचं ठरवलं. प्रांतात भाषा जास्त झाल्या, अधिकाऱ्यांच्या बदल्या करताना त्रास होतो, हे कारण. ओडिया लोकांनी इतकी ओरड केली की काही वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला आणि १९०५ साली संबळपूर ओडियाभाषक मुलखाला जोडून देण्यात आलं. कारभाराच्या सोयीसाठी बांधलेला प्रांत भाषेच्या जागी उसवला, असं तिथे पहिल्यांदा झालं. मराठी-हिंदीची शिवण त्यापेक्षा पुष्कळ लांब होती.

चीफ कमिशनर म्हणजे काय

मुंबईला गव्हर्नर होता, मध्य प्रांताला चीफ कमिशनर. फरक केवळ मानाचा नव्हता. गव्हर्नरला स्वतःचं कौन्सिल असे, काही बाबतीत लंडनशी थेट बोलता येई. चीफ कमिशनर हा व्हाइसरॉयचा हस्तक. त्याला कौन्सिल नाही, स्वतःचे कायदे करायची सत्ता नाही. कायदे कलकत्त्याला होणार, त्याने ते राबवायचे. जिल्ह्याच्या प्रमुखालाही इथे कलेक्टर म्हणत नसत, डेप्युटी कमिशनर म्हणत, आणि सारा, फौजदारी, बरंचसं न्यायदान त्याच्या एकट्याच्या हाती. अशा प्रांताला 'नॉन-रेग्युलेशन' प्रांत म्हणत. नव्याने जिंकलेल्या किंवा 'मागासलेल्या' मुलखात नियमांचा पसारा नको, एक कर्तबगार साहेब बसवा, असा तो विचार.

कर्तबगार साहेब मिळालाही. सर रिचर्ड टेम्पल १८६२ ते १८६७ पर्यंत चीफ कमिशनर होता. घोड्यावरून प्रांत पालथा घालणारा, दर गोष्टीवर अहवाल लिहिणारा हा माणूस. जमिनीची पहिली मोठी बंदोबस्ती, म्हणजे मोजणी करून सारा आणि हक्क ठरवायचं काम, त्याच्या काळात सुरू झाली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. दहा वर्षांनी, १८७७ च्या १ जानेवारीला, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. उन्हाळ्यात सरकार पचमढीला जायचं.

याच कारभाराची काळी बाजू १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत दिसली. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत प्रांताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी आठेक टक्क्यांनी घटली. लोकांचं म्हणणं मांडायला तेव्हा सभागृह नावाची गोष्टच नागपुरात नव्हती.

वऱ्हाड : कर्जापायी गहाण

आता वऱ्हाडाकडे येऊ. इथे जरा सावकाश गेलं पाहिजे, कारण हे प्रकरण भल्याभल्यांच्या डोक्यात गोंधळ करतं.

वऱ्हाड निझामाचा. निझामाला एक फौज पोसावी लागे, 'हैदराबाद कंटिंजंट'. नाव हैदराबादचं, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचा, पगार मात्र निझामाने द्यायचा. तिजोरी रिकामी असल्याने पगार थकायचा. मग कंपनी आपल्या तिजोरीतून पैसे भरायची आणि ते निझामाच्या नावे कर्ज म्हणून मांडायची. ज्या फौजेवर आपली हुकमत नाही तिच्या पगारापायी निझाम कर्जबाजारी झाला. १८५३ पर्यंत हा आकडा ४० लाखांच्या वर गेला. त्या वर्षी २१ मे रोजी तह होऊन वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे जिल्हे इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. विकले नाहीत, जिंकले नाहीत. उत्पन्नातून फौजेचा खर्च भागवावा म्हणून 'सोपवले'. इंग्रजी दप्तरात वऱ्हाडाचं नाव बरीच वर्षं 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असं होतं.

१८५७ मध्ये हैदराबादने इंग्रजांची बाजू सोडली नाही. त्याचं बक्षीस म्हणून १८६० च्या तहात ५० लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाला नाही. का, हे त्या काळचा नकाशा पाहिला की कळतं. लगेच १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. अमरावती, खामगाव, कारंजा इथे कापसाच्या गंज्या लागल्या. खामगावसाठी तर रेल्वेचा खास फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. असं गाव कोण परत देईल?

हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळावा म्हणून वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, १८७६ साली ते लंडनलाही गेले. आदरसत्कार झाला, वऱ्हाड मिळाला नाही. शेवटी १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन हैदराबादला गेला आणि निझाम महबूब अली खान यांच्याशी समोरासमोर बोलून त्याने विषय मिटवला. वऱ्हाडावर निझामाची सार्वभौम सत्ता मान्य, पण मुलूख इंग्रजांकडे कायमच्या भाडेपट्ट्याने, वर्षाला २५ लाख रुपये भाडं. नवीन वर्षाला निझामाला जी.सी.बी. हा मोठा किताब मिळाला, तेव्हा लोक त्याचा अर्थ लावायचे : 'गेव्ह कर्झन बेरार'.

१ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरच्या हाताखाली आला. १९०५ मध्ये वऱ्हाडचे सहा जिल्हे चारांत बसवले : अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ. एलिचपूर (आजचं अचलपूर) आणि वाशीम हे स्वतंत्र जिल्हे तेव्हा गेले. वाशीम पुढे नव्वदीत परत जिल्हा झाला.

पण कायद्याने वऱ्हाड अजूनही 'ब्रिटिश इंडिया' नव्हता. इंग्रज हद्दीत झालेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे, त्यासाठी वेगळा हुकूम काढावा लागे. नागपूरला लागू, पण वर्धा नदी ओलांडून पुलगावहून धामणगावला गेलं की तोच कायदा लागू आहे की नाही हे हुकूम बघून ठरवायचं. वकिलांचं बरं चालत असणार. विधिमंडळ आल्यावर तर याची गंमतच झाली. वऱ्हाडच्या मतदारांनी माणूस निवडायचा, आणि मग सरकारने त्याच माणसाला 'नियुक्त' करायचं. परक्या राजाच्या प्रजेला इंग्रज सभागृहात थेट निवडून येता येत नाही ना, म्हणून हा वळसा.

एका प्रांतात दोन सातबारे

सातबारा हा शब्द मी सैल अर्थाने वापरतो आहे, पण मुद्दा खरा आहे. प्रांतातल्या माणसाला सरकार भेटायचं ते जमिनीच्या कागदात, आणि वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर हे कागद वेगळे होते.

वऱ्हाडात रयतवारी. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली, खातेदार शेतकऱ्याने सारा सरकारला थेट भरायचा, मध्ये पाटील-पटवारी फक्त वसुलीला.

नागपूर बाजूला मालगुजारी. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील सरकारशी ठराविक मुदतीसाठी गावाच्या वसुलीचा सौदा करायचा. तो वसुलीचा ठेकेदार होता, मालक नव्हता. १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तीत इंग्रजांनी या लोकांना गावाची मालकीच देऊन टाकली. आधीपासून वसुलीचा मक्ता असलेला पाटील, कधी सावकार, कधी दरबारातला कारकून, एका सहीने अख्ख्या गावाचा मालगुजार झाला. गावकरी त्याची कुळं झाली. काही जुन्या शेतकऱ्यांना 'मालिक-मकबुजा' म्हणून स्वतंत्र हक्क मिळाले, ते तेवढे वाचले. मालगुजाराची स्वतःची जमीन 'सीर' आणि 'खुदकाश्त', अनेक हिस्सेदार असतील तर सरकारशी बोलणारा 'लंबरदार', गावाचे रिवाज लिहून ठेवलेला कागद 'वाजिब-उल-अर्ज'. हे शब्द पश्चिम महाराष्ट्रातल्या तलाठ्याला परके, भंडाऱ्याच्या तलाठ्याला रोजचे.

इंग्रजांचा हिशेब असा होता की मालकी मिळाली की हा वर्ग जमिनीत पैसा घालेल आणि सरकारशी इमानी राहील. इमानी बऱ्यापैकी राहिला. पैसा घालण्याचं मात्र प्रत्येकाने मनावर घेतलं नाही, आणि कुळांना संरक्षण द्यायला १८८३ पासून कूळकायदे करत बसावं लागलं. आधी मालक करायचे आणि मग त्या मालकापासून रयतेला वाचवायचं, ही कसरत प्रांताचं महसूल खातं पन्नास-साठ वर्षं करत राहिलं. माझ्या मते मध्य प्रांतातली सगळ्यात दूरगामी चूक हीच. दत्तक नामंजूर झाल्याने एक घराणं उघड्यावर आलं, या बंदोबस्तीने हजारो गावांतल्या माणसांचं एकमेकांशी असलेलं नातं बदललं.

तलावांचं उदाहरण घ्या. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर भागात गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले तलाव आहेत. भात त्यावर पिकतो. मालगुजारी आल्यावर तलाव मालगुजाराच्या मालकीचे झाले, पण गावाला पाणी घ्यायचा, मासे-शिंगाडे काढायचा, दुरुस्तीला अंगमेहनत द्यायचा रिवाज टिकला. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द होऊन तलाव सरकारकडे आले, तेव्हा गाळ काढायचा कोणी हा प्रश्न मागे उरला. आजही सरकारी कागदात त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव' आहे, बोलताना 'मामा तलाव'. 'निस्तार' हाही तसाच शब्द. जंगलातून जळण, बांबू, गुरांना चारा, घराला लाकूड घ्यायचा गावाचा हक्क म्हणजे निस्तार, आणि त्याची नोंद ती निस्तार-पत्रकात. गडचिरोलीत वनहक्काचे दावे मांडताना ही जुनी पत्रकं पुरावा म्हणून बाहेर काढली गेली.

दोन रुपये पगार

प्रांताला विधिमंडळ मिळालं ते १९१४ मध्ये. १९१९ च्या कायद्यानंतर मध्य प्रांत गव्हर्नरचा प्रांत झाला आणि सर फ्रँक स्लाय पहिला गव्हर्नर. राज्यकारभाराची रीत होती 'द्विदल'. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती हिंदुस्थानी मंत्र्यांकडे, तर पोलीस, महसूल, तिजोरी गव्हर्नरच्या माणसांकडे. शाळा काढायची जबाबदारी मंत्र्याची, पैशाची किल्ली दुसऱ्याकडे.

१९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं ते साऱ्या हिंदुस्थानात याच एका प्रांतात. डॉ. मुंजे, बॅरिस्टर अभ्यंकर, ई. राघवेंद्र राव ही मंडळी सभागृहात गेली ती सभागृह चालू न द्यायला. मंत्रिपद घेतलं नाही. जे मंत्री नेमले त्यांच्यावर अविश्वास. अंदाजपत्रक फेटाळलं. आणि मंत्र्यांचा पगार एकदम रद्द करण्याऐवजी कमी केला, वर्षाला दोन रुपये. दोन रुपयांवर कोण मंत्री राहणार? मंत्री गेले, गव्हर्नरने सगळी खाती स्वतःकडे घेतली. द्विदल पद्धत पोकळ आहे हे सिद्ध झालं, पण लोकांच्या हाती जी थोडी खाती आली होती तीही गेली. या डावपेचाचं कौतुक करताना ही दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही.

डाव फार टिकलाही नाही. १९२५ मध्ये सभागृहाचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली. स्वराज्य पक्षाचे नेते मोतीलाल नेहरू संतापले. केळकर, जयकर, मुंजे यांनी तांब्यांची बाजू घेतली, त्यातून 'प्रतियोगी सहकारिता' पक्ष निघाला आणि मराठी पुढारी स्वराज्य पक्षातून फुटले. तांबे १९२९ मध्ये काही काळ हंगामी गव्हर्नरही झाले.

तीन काँग्रेस, एक मंत्रिमंडळ

१९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने भाषेप्रमाणे प्रांतिक समित्या केल्या. त्यामुळे सरकारचा जो एक प्रांत, त्यात काँग्रेसचे तीन झाले : मराठी नागपूर, वऱ्हाडसाठी विदर्भ, आणि हिंदी महाकोशल. तेव्हा 'विदर्भ' म्हणजे फक्त वऱ्हाड, त्यात नागपूर नाही, हे लक्षात ठेवलं पाहिजे. तिन्ही समित्यांचे पुढारी वेगळे, निष्ठा वेगळ्या. विरोध करायचा होता तोवर हे चाललं. सत्ता आली आणि सांधा निखळला.

१९३५ च्या कायद्याप्रमाणे ११२ जागांची असेंब्ली झाली. १९३७ मध्ये काँग्रेसला बहुमत मिळालं. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे जुलैमध्ये पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत. महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र, दुर्गाशंकर मेहता. मराठी भागातले गोळे आणि रामराव देशमुख. शिवाय मोहम्मद युसूफ शरीफ. शरीफ यांना एका कैद्याच्या सुटकेच्या प्रकरणात जावं लागलं. बाकीच्यांत खातेवाटप, नेमणुका, शिस्त यांवरून धुसफूस सुरू झाली. मे १९३८ मध्ये पचमढीला वल्लभभाई पटेल वगैरेंनी बसून तडजोड केली. ती दोन महिने टिकली.

२० जुलै १९३८. खरे, गोळे, देशमुख यांनी गव्हर्नरकडे राजीनामे दिले. प्रमुखाने राजीनामा दिला की मंत्रिमंडळ गेलं, हा संसदीय रिवाज. पण शुक्ल, मिश्र, मेहता म्हणाले, काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डाने सांगितल्याशिवाय आम्ही राजीनामा देणार नाही. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी रात्रभर खल करून पहाटे त्या तिघांना बडतर्फ केलं आणि खऱ्यांना नवं मंत्रिमंडळ बनवू दिलं. त्यात अस्पृश्य समाजातले रामभरोस अग्निभोज हेही होते. हे मंत्रिमंडळ दोनच दिवस जगलं. वर्धा नागपूरपासून हाकेच्या अंतरावर, तिथे काँग्रेसची कार्यकारिणी जमलेली. खऱ्यांना बोलावून घेतलं, त्यांनी २३ तारखेला राजीनामा दिला. २७ ला शुक्ल नेतेपदी निवडून आले, २९ ला शपथ.

या प्रकरणाला 'खरे प्रकरण' म्हणतात आणि त्यावर आजही दोन बाजू आहेत. खऱ्यांनी पक्षाला अंधारात ठेवून इंग्रज गव्हर्नरच्या मदतीने सहकाऱ्यांना काढलं, हे खरं. निवडून आलेल्या पंतप्रधानाला आपले मंत्री ठरवायचा अधिकार नाही, तो दिल्ली-वर्ध्याहून येणाऱ्या हुकमाचा बांधील, हेही त्याच आठवड्यात पक्कं झालं. हायकमांड हा शब्द पुढे आपल्या इतका अंगवळणी पडला, त्याचा पहिला जाहीर प्रयोग नागपुरात झाला असं मी मानतो. मराठी भागाने त्यातून वेगळाच अर्थ काढला : हिंदीवाल्यांनी आपला माणूस पाडला. १ ऑक्टोबर १९३८ रोजी त्याच असेंब्लीने मराठी जिल्ह्यांचा वेगळा 'महाविदर्भ' प्रांत व्हावा असा ठराव मंजूर केला. ठराव मांडणारे रामराव देशमुख. वऱ्हाडचं गाऱ्हाणं पैशाचंही होतं. कापसाचा सारा आमचा आणि खर्च मात्र पलीकडे, ही तक्रार इतकी जुनी की खर्चाची वाटणी ठरवायला 'सिम फॉर्म्युला' नावाचं सूत्रच करावं लागलं होतं.

प्रिन्स ऑफ बेरार

निझाम मधल्या काळात गप्प बसला नव्हता. मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितला, आणि आपण इंग्रजांच्या बरोबरीचे आहोत असा सूर लावला. २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने त्यांना सुनावलं की हिंदुस्थानात इंग्रज सत्ता सार्वभौम आहे, कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीने वाटाघाटी करू शकत नाही. संस्थानांवरच्या इंग्रजी वर्चस्वाची व्याख्या म्हणून हे पत्र पुढे सगळीकडे उद्धृत झालं. मूळ भांडण अमरावती-अकोल्याचं.

१९३६ च्या करारात निझामाची समजूत काढली ती मानाने. सार्वभौमत्व पुन्हा मान्य, झेंडा मान्य, २५ लाख चालूच, आणि युवराज आझम जाह यांना 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब. त्यांच्या पत्नी दुरुशेहवार तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. म्हणजे इस्तंबूलच्या राजवाड्यात जन्मलेली बाई कागदावर वऱ्हाडची राणीसाहेब होती, आणि वऱ्हाडचा शेतकरी आपला कापूस घेऊन खामगावच्या बाजारात उभा होता.

शेवटची पंधरा वर्षं

नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, १९४६ पर्यंत गव्हर्नरचा एकहाती अंमल होता. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनातले चिमूर आणि आष्टीचे उठाव याच काळातले. १९४६ ला शुक्ल परत आले.

१९४७ मध्ये इंग्रज निघाले तेव्हा वऱ्हाडचा भाडेपट्टा कोणाशी, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. हैदराबादच्या शिष्टमंडळाने दिल्लीत वऱ्हाड परत मागितला. वऱ्हाडी पुढाऱ्यांना धास्ती होतीच. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र आणि विदर्भाच्या पुढाऱ्यांनी संयुक्त महाराष्ट्रात दोन उपप्रांत असावेत असं ठरवलं तो, या धास्तीच्या वातावरणात झाला. सप्टेंबर १९४८ च्या हैदराबादवरील पोलीस कारवाईनंतर निझामाच्या मागणीला काही अर्थ उरला नाही. बस्तर, सरगुजा, रायगढ अशी छत्तीसगडची संस्थानं प्रांतात विलीन झाली, आणि १९५० मध्ये सी.पी. अँड बेरारचं नाव बदलून मध्य प्रदेश झालं. राजधानी नागपूरच.

१९५५ मध्ये राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने मराठी आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य करावं, राजधानी नागपूर ठेवावी, अशी शिफारस केली. ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) हे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि उरलेला भाग भोपाळ राजधानीच्या नव्या मध्य प्रदेशात. रविशंकर शुक्ल त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला वारले.

पंचाण्णव वर्षं राजधानी असलेलं नागपूर एका दिवसात जिल्ह्याचं गाव झालं. १९३६ मध्ये स्थापन झालेलं नागपूर हायकोर्ट जबलपूरला गेलं, नागपुरात मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ राहिलं. सचिवालयातले कारकून कोणी भोपाळला, कोणी मुंबईला, सेवाज्येष्ठतेची यादी हातात धरून. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला घ्यायचं कबूल केलं होतं, ते डिसेंबरात होतं. मुंबईहून फायलींच्या पेट्या ट्रकने येतात आणि आमदार संत्र्यांच्या करंड्या घेऊन परत जातात.